राखीव क्वार्टरबॅकची धाव

न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये ९ ऑक्टोबर २०२२ रोजी सेंट्स संघाने सिॲटल सीहॉक्सचा ३९-३२ असा पराभव केला. सेंट्सचा त्या दिवसाचा क्वार्टरबॅक होता अँडी डाल्टन. सामना मात्र गाजवला टेसम हिल नावाच्या बत्तीस वर्षांच्या खेळाडूने. त्याने अवघ्या नऊ वेळा चेंडू घेऊन धाव घेतली, ११२ यार्ड कापले आणि तीन टचडाऊन केले. त्यातला शेवटचा टचडाऊन साठ यार्डांच्या धावेचा होता आणि त्यानेच चौथ्या सत्रात सेंट्सला निर्णायक आघाडी मिळाली. एवढ्यावर न थांबता त्याने एक टचडाऊन पासही फेकला आणि सुरुवातीचा किक परतवण्याचे कामही केले. संघाच्या यादीत त्याच्या नावापुढे त्या वर्षी ‘टाईट एंड’ असे लिहिलेले होते. त्याआधीची पाच वर्षे तिथे ‘क्वार्टरबॅक’ असे लिहिले जात असे. खरे पाहता दोन्ही नोंदी अपुऱ्या होत्या. राखीव क्वार्टरबॅकला बाकावर बसवून न ठेवता चेंडू घेऊन पळणारा गडी म्हणून वापरायचे, ही अमेरिकन फुटबॉलमधील जुनी, वादग्रस्त आणि वारंवार नव्याने शोधली जाणारी युक्ती आहे. हिल हा तिचा अलीकडच्या काळातील सर्वांत पूर्ण नमुना होय.

या खेळाशी फारसा परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडी पूर्वपीठिका आवश्यक आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूचे अकरा खेळाडू मैदानात असतात. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. ते जमले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न जमल्यास चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी मधला खेळाडू पायांमधून चेंडू मागे देतो. तो घेणारा म्हणजे क्वार्टरबॅक. चेंडू पुढे फेकायचा, की शेजारच्या रनिंग बॅकच्या हाती सोपवायचा, याचा निर्णय क्षणार्धात त्याला अमलात आणायचा असतो. संघातील सर्वाधिक मानधन बहुधा त्याचे, जबाबदारीही त्याचीच. साहजिकच त्याच्या दुखापतीची धास्ती प्रत्येक प्रशिक्षकाला असते आणि म्हणूनच प्रत्येक संघ एक किंवा दोन राखीव क्वार्टरबॅक बाळगतो. त्यांच्याकडून अपेक्षा एवढीच, की आठवडाभर सगळ्या चाली पाठ कराव्यात, सामन्याच्या वेळी टोपी घालून सीमारेषेवर उभे राहावे आणि आपली गरज पडू नये अशी प्रार्थना करावी. संपूर्ण हंगामात एकदाही मैदानात पाऊल न ठेवलेले राखीव क्वार्टरबॅक कितीतरी सापडतील.

आता असा खेळाडू जर अंगाने धिप्पाड आणि पायांनी चपळ असेल, तर त्याला वर्षभर नुसते उभे ठेवायचे का, या प्रश्नातून ही युक्ती जन्माला येते. मात्र तिचे खरे सामर्थ्य त्या खेळाडूच्या वेगापेक्षा साध्या गणितात आहे. क्वार्टरबॅकने चेंडू रनिंग बॅकच्या हाती दिला, की त्याचे काम संपते. तो बाजूला उभा राहून पुढची धुमश्चक्री पाहतो. चेंडू ज्याच्या हाती आहे तो स्वतः कोणाला अडवू शकत नाही. म्हणजे चढाई करणाऱ्यांचे अडवणारे गडी उरतात नऊ आणि समोर बचाव करणारे असतात अकरा. हीच धाव क्वार्टरबॅकने स्वतः घेतली, तर रनिंग बॅकही अडवणाऱ्यांत सामील होतो आणि नवाचे दहा होतात. एका माणसाचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. पण ज्या खेळात दोन यार्डांसाठी दीडशे किलोंची माणसे एकमेकांवर आदळतात, तिथे तो मोकळ्या वाटेचा फरक ठरतो.

याच गणिताचा दुसरा प्रकार ‘झोन रीड’ या नावाने ओळखला जातो. त्याच्या विकासाचे श्रेय बहुतेक जाणकार रिच रॉड्रिगेझ या प्रशिक्षकाला देतात. १९९०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट या छोट्या महाविद्यालयात त्यांनी तो घडवला. यात बचाव फळीच्या टोकाच्या एका खेळाडूला मुद्दामच कोणी अडवत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरून त्या मोकळ्या सोडलेल्या खेळाडूकडे पाहतो. तो आत रनिंग बॅकवर धावला, तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन त्याने रिकाम्या केलेल्या जागेतून पळतो. तो जागीच थांबला, तर चेंडू रनिंग बॅकला देऊन टाकतो. त्या बिचाऱ्या बचावपटूने काहीही केले तरी तो चुकीचाच ठरतो. अर्थात, क्वार्टरबॅकला पळता येते याची त्याला खात्री असेल तरच हा डाव साधतो. चाळिशीकडे झुकलेल्या, मंद पायांच्या पासर क्वार्टरबॅकच्या बाबतीत बचावपटू निर्धास्तपणे रनिंग बॅकवर झेपावतो.

गोलरेषेजवळ तर या युक्तीचे मोल आणखी वाढते. शेवटची पाच-सात यार्डे उरली, की मागे लांबवर पास फेकायला जागाच शिल्लक नसते. एरवी लांब पासच्या धास्तीने मागे राहणारे बचावपटू तेव्हा पुढे येऊन गर्दी करतात. अशा वेळी नेमबाज क्वार्टरबॅकची नेमबाजी निम्मी निरुपयोगी होते आणि एक जादा अडवणारा गडी सोन्याच्या मोलाचा ठरतो. हिलने आपले बरेचसे टचडाऊन याच पट्ट्यात केले, हा काही योगायोग नव्हे.

गंमत अशी, की ज्याला आज आपण नावीन्य म्हणतो ती एके काळी या खेळाची रूढ पद्धतच होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘पॉप’ वॉर्नर यांच्या नावाशी जोडलेली ‘सिंगल विंग’ ही रचना सर्वत्र प्रचलित होती. तीत चेंडू थेट मागे उभ्या असलेल्या टेलबॅककडे येई. तोच पळे, तोच फेके. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू असे, पण तो बहुतांशी इतरांना अडवण्याचे काम करी. पुढे ८ डिसेंबर १९४० रोजी शिकागो बेअर्सने ‘टी फॉर्मेशन’ वापरून अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा ७३-० असा धुव्वा उडवला आणि काही वर्षांतच सिंगल विंग व्यावसायिक मैदानावरून जवळजवळ हद्दपार झाली. क्वार्टरबॅक मधल्या खेळाडूच्या पाठीशी येऊन उभा राहिला, पास फेकणारा सूत्रधार बनला आणि पळण्याचे कष्ट इतरांकडे गेले. १९५० पासून व्यावसायिक लीगमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा कायमची मिळाली. या मुभेमुळेच एका चालीपुरता वेगळा गडी आत पाठवणे शक्य झाले. राखीव क्वार्टरबॅकच्या धावेची पायाभरणी इथे आहे. तरीही तिचा जाणीवपूर्वक वापर व्हायला पुढची साडेचार दशके जावी लागली.

१९९५ साली पिट्सबर्ग स्टीलर्सने कोलोरॅडो विद्यापीठाच्या कॉर्डेल स्टुअर्टला ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडले. संघाचा मुख्य क्वार्टरबॅक नील ओडॉनेल होता आणि त्याच्यामागेही अनुभवी माणसे रांगेत उभी होती. म्हणजे स्टुअर्टला त्या वर्षी खेळायला मिळण्याची शक्यता जवळजवळ नव्हती. हंगामाची सुरुवात मात्र खराब झाली. पहिल्या सातपैकी चार सामने स्टीलर्सने गमावले. त्यानंतर प्रशिक्षक बिल काउहर यांनी या नवख्या पोराला निरनिराळ्या जागी उतरवायला सुरुवात केली. कधी तो क्वार्टरबॅकच्या जागी उभा राहून पळे, कधी रिसीव्हर म्हणून पास झेले, क्वचित स्वतः पास फेके. कागदावर त्याची जागा लिहिताना क्वार्टरबॅक, रिसीव्हर, रनिंग बॅक या शब्दांमध्ये तिरक्या रेघा माराव्या लागत. म्हणून त्याचे नावच ‘स्लॅश’ पडले. आकडे पाहिले तर ते डोळे दिपवणारे नाहीत. त्या हंगामात १५ धावांत ८६ यार्ड, १४ झेलांत २३५ यार्ड आणि सात पासपैकी पाच यशस्वी, बस्स. पण तो मैदानात आला की समोरच्या बचाव फळीत कुजबुज सुरू होई. पुढचे सलग आठ सामने जिंकून स्टीलर्स थेट सुपर बोलपर्यंत पोहोचले. तिथे डॅलसने त्यांना २७-१७ असे हरवले.

त्या वाटचालीतील एक किस्सा सांगण्याजोगा आहे. इंडियानापोलिसविरुद्धच्या उपांत्य लढतीत मध्यंतरापूर्वी स्टुअर्टने टचडाऊन पास झेलला. झेलण्याआधी त्याचा पाय मागच्या सीमारेषेबाहेर पडला होता. पंचांच्या ते लक्षात आले नाही आणि त्या काळात चित्रफीत पाहून निर्णय बदलण्याची सोय लीगने बंद केलेली होती. स्टीलर्स तो सामना २०-१६ असे जिंकले. इंडियानापोलिसचे जुने चाहते अजूनही ही गोष्ट विसरलेले नाहीत.

स्टुअर्टला स्वतःला मात्र क्वार्टरबॅकच व्हायचे होते. १९९६च्या अखेरीस कॅरोलायनाविरुद्ध त्याने ८० यार्डांची धाव घेऊन टचडाऊन केला. क्वार्टरबॅकची तोवरची ती सर्वांत लांब धाव ठरली. १९९७ मध्ये मुख्य जागा त्याच्याकडे आली. त्याने २१ टचडाऊन पास फेकले, ११ टचडाऊन स्वतः धावून केले आणि संघ पुन्हा सुपर बोलच्या उंबरठ्यावर येऊन डेन्व्हरकडून २४-२१ असा हरला. पुढची वर्षे चढउतारांची गेली. १९९९ मध्ये त्याला बाकावर बसवून पुन्हा रिसीव्हरच्या जागी पाठवण्यात आले. ज्या बहुगुणीपणाने त्याला नाव मिळवून दिले, तोच त्याच्याविरुद्ध वापरला गेला. क्वार्टरबॅक म्हणून चुकला की लोक म्हणत, हा मुळात स्लॅशच! २००१ मध्ये त्याने सगळ्यांना खोटे ठरवत उत्तम हंगाम खेळून दाखवला, पण २००२ नंतर पिट्सबर्गशी त्याचे नाते संपले.

हा प्रश्न केवळ डावपेचांचा नाही, हे इथे नोंदवायला हवे. कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकला ‘तू पळतोस छान, दुसरीकडे खेळ’ असे सांगण्याची या लीगमध्ये दीर्घ परंपरा आहे. मार्लिन ब्रिस्को १९६८ साली डेन्व्हरकडून क्वार्टरबॅक म्हणून खेळला. आधुनिक व्यावसायिक फुटबॉलमध्ये सामन्याच्या आरंभापासून ती जागा सांभाळणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढच्याच वर्षी त्याला डेन्व्हर सोडावे लागले आणि बफेलोत तो रिसीव्हर झाला. त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०१८ मध्ये, महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च हाईजमन पुरस्कार मिळवलेल्या लमार जॅक्सनने रिसीव्हर व्हावे, असा सल्ला लीगचे ज्येष्ठ व्यवस्थापक बिल पोलियन यांनी जाहीरपणे दिला. आपली चूक झाली, हे त्यांनी पुढच्या वर्षी मान्य केले. तेव्हा राखीव क्वार्टरबॅकला पळवण्याची चाल ही कोणासाठी दार उघडणारी असते, तर कोणासाठी दार लोटून घेणारी. ती कोणत्या हेतूने वापरली जाते, हे पाहिल्याशिवाय तिचे मूल्यमापन करता येत नाही.

महाविद्यालयीन पातळीवर या युक्तीचा सर्वांत देखणा प्रयोग फ्लोरिडा विद्यापीठाने २००६ मध्ये केला. प्रशिक्षक अर्बन मायर यांच्याकडे क्रिस लीक हा शेवटच्या वर्षाचा सराईत पासर होता आणि टिम टीबो हा पहिल्या वर्षाचा, बैलाच्या ताकदीचा पोरगा. मायर यांनी दोघांनाही खेळवले. लीक मैदानाचा मोठा भाग पार करी; एक-दोन यार्डांचा हट्टाचा प्रसंग आला की टीबो आत येई. टेनेसीविरुद्ध चौथ्या प्रयत्नात त्याने घेतलेल्या धावेमुळे फ्लोरिडाची शेवटची चढाई जिवंत राहिली आणि सामना २१-२० असा जिंकला गेला. एलएसयूविरुद्ध गोलरेषेजवळ सगळे त्याला अडवायला पुढे आले, तेव्हा त्याने धावता धावता उडी मारून चेंडू अलगद पुढे टाकला. तो उडीचा पास आजही दाखवला जातो. टीबोने त्या हंगामात ४६९ यार्ड आणि आठ टचडाऊन धावून मिळवले, फ्लोरिडाने अंतिम सामन्यात ओहायो स्टेटला ४१-१४ असे हरवले आणि पुढच्या वर्षी हाईजमन पुरस्कार टीबोच्या हाती आला.

दरम्यान व्यावसायिक लीगमध्ये याच विचाराच्या एका सख्ख्या भावंडाने धमाल उडवली. आदल्या वर्षी सोळापैकी पंधरा सामने हरलेल्या मायामी डॉल्फिन्सने २१ सप्टेंबर २००८ रोजी न्यू इंग्लंडविरुद्ध ‘वाइल्डकॅट’ नावाची रचना काढली. यात मुख्य क्वार्टरबॅक चॅड पेनिंग्टन दूर कडेला जाऊन उभा राहिला आणि चेंडू थेट रनिंग बॅक रॉनी ब्राऊनकडे आला. कल्पना प्रशिक्षक डेव्हिड ली यांनी आर्कान्सा विद्यापीठातून सोबत आणली होती. ती चाल फक्त सहा वेळा वापरली गेली, पण ब्राऊनने त्या दिवशी चार टचडाऊन धावून केले, एक पास फेकून केला आणि नियमित हंगामात सलग २१ सामने जिंकलेला संघ ३८-१३ असा कोसळला. सिंगल विंग जणू सत्तर वर्षांनी माहेरी आली होती. मायामीने पुढच्या वर्षी याच रचनेसाठी पॅट व्हाइट हा चपळ क्वार्टरबॅक ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत घेतला. अपेक्षा अशी, की पळणारा आणि फेकणाराही गडी असला तर ही रचना अजिंक्य होईल. प्रत्यक्षात व्हाइटने त्या हंगामात पाच पास फेकले, एकही झेलला गेला नाही आणि २०१० मध्ये त्याला सोडून देण्यात आले.

टीबोचीही व्यावसायिक मैदानावर हीच गत झाली. २०१२ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला डेन्व्हरकडून मिळवले. वाइल्डकॅट मायामीत आणणारे टोनी स्पारानो आता जेट्सच्या चढाईचे सूत्रधार होते. त्यामुळे मोठा गाजावाजा झाला. हंगामाच्या शेवटी हिशेब काय? ३२ धावा, १०२ यार्ड, टचडाऊन शून्य. पास आठ, त्यातले सहा यशस्वी. बाकी वेळ तो पंटरच्या रक्षणासाठी उभा असे. डिसेंबरात मुख्य क्वार्टरबॅक मार्क सँचेझला बसवण्याची वेळ आली, तेव्हाही जेट्सने टीबोला डावलून तिसऱ्या क्रमांकाच्या ग्रेग मॅकेलरॉयला संधी दिली. स्वतःच्याच प्रशिक्षकांचा ज्याच्या फेकीवर विश्वास नाही, त्याला प्रतिस्पर्धी तरी का घाबरतील? माझ्या मते या युक्तीच्या यशापयशाचे मर्म या एका प्रश्नात आहे. पळणारा क्वार्टरबॅक आत आला, की तो फेकणारच नाही याची बचाव फळीला खात्री पटली, तर मागचे सगळे गडी पुढे येतात आणि जादा अडवणाऱ्याने मिळवलेला फायदा वजा होतो. दहा वेळा पळणाऱ्याने अकराव्या वेळी फेकले पाहिजे, आणि ते नेमके फेकता आले पाहिजे.

ज्यांच्यापाशी ती फेक होती त्यांच्यासाठी हे काम उमेदवारीचे ठरले. सॅन फ्रान्सिस्कोचा कॉलिन केपरनिक २०१२च्या सुरुवातीला ॲलेक्स स्मिथचा राखीव होता आणि अधूनमधून एखाद-दुसऱ्या चालीसाठी येई. जेट्सविरुद्ध अशाच फुटकळ संधीत त्याने ५० यार्ड आणि एक टचडाऊन काढला. नोव्हेंबरमध्ये स्मिथच्या डोक्याला मार बसला, केपरनिक आत आला तो आलाच. जानेवारी २०१३ मध्ये ग्रीन बेविरुद्ध त्याने १८१ यार्ड धावून क्वार्टरबॅकचा विक्रम केला आणि संघाला सुपर बोलमध्ये नेले. लमार जॅक्सनची कथाही तशीच. २०१८च्या हंगामाच्या पूर्वार्धात बाल्टिमोरने त्याला जो फ्लॅकोच्या जोडीने थोडे थोडे पळवले. फ्लॅकोच्या कंबरेला दुखापत झाल्यावर जॅक्सनने सातपैकी सहा सामने जिंकून दिले. पुढच्या वर्षी १,२०६ यार्ड धावून त्याने मायकेल व्हिकचा विक्रम मोडला आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

जॅक्सनच्या त्या पहिल्या हंगामाचा शेवट मात्र या युक्तीची दुसरी बाजू दाखवतो. २२ डिसेंबर २०१८ रोजी बाल्टिमोरने चार्जर्सना त्यांच्याच मैदानावर २२-१० असे हरवले होते. दोनच आठवड्यांनी बाद फेरीत पुन्हा गाठ पडली, तेव्हा चार्जर्सनी जड अंगाचे मधले बचावपटू काढून एकदम सात चपळ बॅक उतरवले आणि सामना २३-१७ असा जिंकला. अनोळखीपणा हे या हत्याराचे अर्धे बळ असते. व्यावसायिक संघाच्या आठवड्यात सरावाचे तास मोजके असतात. २०११च्या करारानंतर तर पूर्ण पॅड बांधून सराव करण्याची मुभा अख्ख्या हंगामात फक्त चौदा वेळा उरली. राखीव क्वार्टरबॅकच्या चार-पाच चालींसाठी प्रतिस्पर्ध्याला त्यातला वेळ खर्च करावा लागतो. त्या चाली सामन्यात वापरल्या नाहीत तरी हा खर्च होऊन जातो. दुसऱ्या भेटीत मात्र ही वसुली थांबते.

आता पुन्हा हिलकडे वळू. आयडाहोत जन्मलेला हा खेळाडू ऑस्ट्रेलियात धर्मप्रचाराची सेवा करून ब्रिगहॅम यंग विद्यापीठात आला. २०१३ मध्ये टेक्सासविरुद्ध एकाच सामन्यात त्याने २५९ यार्ड धावून काढले. परंतु पाचपैकी चार हंगाम दुखापतींनी अर्ध्यावर तोडले. कधी गुडघा, कधी पाय, कधी कोपर. २०१७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षाकडे झुकलेल्या या पासरला ड्राफ्टमध्ये कोणीही घेतले नाही. ग्रीन बेने सरावापुरता ठेवला आणि सप्टेंबरात कमी केला. दुसऱ्याच दिवशी सेंट्सने त्याला उचलले.

सेंट्सचे प्रशिक्षक शॉन पेटन यांच्याकडे तेव्हा ड्रू ब्रीजसारखा अचूक, पण चाळिशीला टेकलेला क्वार्टरबॅक होता. त्यांनी हिलला आधी किकच्या वेळी धावणाऱ्या तुकडीत टाकले. एखाद्या क्वार्टरबॅकने टॅकल करत फिरावे, हेच मुळी नवल होते. ९ डिसेंबर २०१८ रोजी टॅम्पा बेविरुद्ध सेंट्स ३-१४ असे मागे असताना हिलने पंट अडवला आणि तिथून सामना फिरून २८-१४ असा जिंकला गेला. मग चढाईतही त्याचे येणे वाढले. तो चेंडू घ्यायला उभा राहिला, की ब्रीज कडेला रिसीव्हरच्या जागी जाऊन नम्रपणे उभा राही. त्याच्याकडे पास जाणार नाही हे सगळ्यांना माहीत असे, तरी एका बचावपटूला त्याच्यासमोर थांबावेच लागे. ५ जानेवारी २०२० रोजी मिनेसोटाविरुद्धच्या बाद फेरीत हिलने एक ५० यार्डांचा पास फेकला, चार धावांत ५० यार्ड काढले आणि एक टचडाऊन झेलला. सेंट्स जादा वेळेत २६-२० असे हरले, पण त्यांच्या बाजूचा सर्वांत परिणामकारक खेळाडू तोच होता.

पेटन यांच्या धाडसाचे कौतुक होते, त्यामागची सावधगिरी फारशी कोणी पाहत नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये हिल दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक नव्हताच. ती जागा टेडी ब्रिजवॉटरची होती. २०१९ मध्ये ब्रीजचा अंगठा दुखावला, तेव्हा ब्रिजवॉटरने पाचही सामने जिंकून दिले आणि हिल आपले नेहमीचे काम करत राहिला. स्टुअर्टच्या वेळीही असेच होते. म्हणजे ज्याला पळवायचे तो संघाचा खरा विमा नसतो; विमा वेगळा उतरवून ठेवलेला असतो.

ही काळजी का घ्यावी लागते, हे २९ जानेवारी २०२३ रोजी साऱ्यांनी पाहिले. फिलाडेल्फियाविरुद्ध सुपर बोलच्या उंबरठ्यावर सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रॉक पर्डीचे कोपर दुखावले. त्याच्या जागी आलेल्या जोश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला. तिसरा क्वार्टरबॅक उपलब्ध नव्हता. फेकता न येणारा पर्डीच परत आला आणि ३१-७ असा एकतर्फी पराभव पदरी पडला. १९९१ पासून लीगमध्ये तिसऱ्या, आणीबाणीच्या क्वार्टरबॅकची खास तरतूद होती. २०११ मध्ये ती रद्द झाली आणि या सामन्यानंतर, २०२३ मध्ये, परत आणली गेली. चेंडू घेऊन धावणाऱ्या क्वार्टरबॅकला तर नियमांचे संरक्षणही मर्यादित असते. पास फेकण्याच्या पवित्र्यात उभ्या असलेल्याच्या डोक्याला किंवा गुडघ्याला हात लावला तर दंड होतो. तोच पळू लागला की इतर कोणत्याही रनिंग बॅकप्रमाणे त्याला आडवे करता येते. पाय पुढे करून घसरत खाली बसणे एवढाच बचाव उरतो. आणि एका यार्डासाठी आत पाठवलेला माणूस घसरून बसला, तर त्याला पाठवायचे तरी कशाला?

दुसरा आक्षेप लयीचा. मुख्य क्वार्टरबॅक सलग खेळला की त्याला बचाव फळीचा अंदाज येत जातो. मध्येच त्याला दोन चालींसाठी बाजूला केले की ती लय तुटते. ब्रीजच्या चाहत्यांची ही तक्रार न्यू ऑर्लिन्समध्ये वर्षानुवर्षे ऐकू येत असे आणि हिलची चाल फसली, की ती अधिक मोठ्याने ऐकू येई. तीत तथ्य नाही असे म्हणता येणार नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये ब्रीजच्या बरगड्या मोडल्या आणि पेटन यांनी अनुभवी जेमिस विन्स्टनला मागे ठेवून हिलला मुख्य क्वार्टरबॅक केले. त्याने चारपैकी तीन सामने जिंकले. हरला तो फिलाडेल्फियाविरुद्ध, २४-२१. त्या दिवशी फिलाडेल्फियाकडून जेलन हर्ट्स पहिल्यांदाच आरंभापासून खेळत होता. तोही त्याआधी काही आठवडे एक-दोन चालींपुरता आत-बाहेर करणारा राखीवच. त्याने १०६ यार्ड धावून काढले आणि पुढे आपल्या संघाला सुपर बोल जिंकून दिला. एकाच कामातून वर आलेले दोन क्वार्टरबॅक त्या दिवशी समोरासमोर होते. ब्रीज निवृत्त झाल्यावर २०२१ मध्ये मुख्य जागेसाठी विन्स्टन आणि हिल यांच्यात चुरस झाली. ती विन्स्टनने जिंकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सेंट्सने हिलशी एक अजब करार केला. चार वर्षांसाठी मूळ रक्कम चार कोटी डॉलर. पण तो मुख्य क्वार्टरबॅक झाला तर हीच रक्कम साडेनऊ कोटींपर्यंत वाढू शकणार होती. हा माणूस नेमका कोण, हे संघालाही ठरवता आलेले नाही, याची कबुलीच त्या कागदावर होती. वरच्या आकड्यापर्यंत तो कधी पोहोचला नाही.

१७ नोव्हेंबर २०२४ रोजी क्लीव्हलँड ब्राऊन्स सुपरडोममध्ये आले. त्यांचा क्वार्टरबॅक होता तोच विन्स्टन आणि त्याने त्या दिवशी ३९५ यार्ड पास फेकले. हिलने सात वेळा चेंडू घेऊन १३८ यार्ड धाव घेतली, तीन टचडाऊन केले, आठ पास झेलले, एक पास यशस्वी फेकला आणि एक प्रतिस्पर्ध्याच्या हातातही दिला. सेंट्सने सामना ३५-१४ असा जिंकला. बरोबर दोन आठवड्यांनी, रॅम्सविरुद्ध त्याच मैदानावर त्याच्या डाव्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. चौतीस वर्षांचा हिल २०२४च्या उर्वरित हंगामाला मुकला आणि २०२५ मध्ये पुन्हा सेंट्सच्या पोशाखात मैदानात उतरला; पाठीवर आकडा तोच, ७.